झोपेचा सर्व्हे: गूगल फॉर्म ते मास्टर चार्ट

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांच्या इंटरनेट ॲडिक्शन टेस्टमध्ये, म्हणजे आयएटीमध्ये, वीस प्रश्न आहेत. त्यातला चौदावा विचारतो की रात्री उशिरापर्यंत ऑनलाइन राहिल्यामुळे तुमची झोप किती वेळा बुडते. आता शोधायचा आहे इंटरनेटचा अतिवापर आणि झोप यांचा संबंध, आणि अतिवापर मोजायच्या फूटपट्टीतच झोपेचा प्रश्न बसलाय. मग संबंध निघणार नाही तर काय होणार! कोविडच्या काळात एमबीबीएसच्या मुलांवर असे सर्व्हे उदंड झाले. पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात सिनॉप्सिसपासून, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यापासून, पोस्टरपर्यंत ज्यांच्या हाताखालून असं काम गेलं, त्यांनाही हा चौदावा प्रश्न पहिल्या खेपेला बहुधा दिसत नाही. आम्हालाही तो मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या उत्तरांचा एकत्र तक्ता, भरून झाल्यावर दिसला. पुढे जे लिहिलंय ते त्या कामाच्या क्रमाने, आणि जिथे काम अडतं तिथे जरा जास्त थांबून.

सिनॉप्सिस लिहिताना पहिला घोळ ‘कोविड काळ’ या शब्दाचा. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली आणि २०१९ ची बॅच, नव्या सीबीएमई (क्षमताधारित) अभ्यासक्रमाची पहिली बॅच, पहिलं वर्ष अर्धवट टाकून घरी गेली. ॲनाटॉमी फोनवर सुरू झाली. १ डिसेंबर २०२० पर्यंत कॉलेजं उघडावीत असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगितलं. मग २०२१ ची दुसरी लाट आली. नीट पीजी, पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा, १८ एप्रिलला होणार होती, ती पुढे गेली आणि अखेर ११ सप्टेंबरला झाली. ३ मे २०२१ च्या निर्णयाने इंटर्नना देखरेखीखाली कोविड ड्युटी आणि फायनल इयरच्या मुलांना टेलिकन्सल्टेशनचं काम देण्याची मुभा मिळाली. म्हणजे एप्रिल २०२० मध्ये घरी बसलेला फर्स्ट इयरचा मुलगा आणि मे २०२१ मध्ये वॉर्डात पीपीई किट घालून रात्र काढणारी, उरलेल्या वेळात मॅरो किंवा प्रेपलॅडर या कोचिंग ॲपचे व्हिडिओ बघणारी इंटर्न, दोघंही ‘कोविड काळातले वैद्यकीय विद्यार्थी’. त्यांची झोप एका सरासरीत घातली तर जो आकडा येतो तो दोघांपैकी कुणाचाच नसतो. म्हणून फॉर्मच्या पहिल्या पानावरच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: कोणतं वर्ष, सध्या घरी की होस्टेलवर, आणि गेल्या ३० दिवसांत नाइट ड्युटी किती.

नमुना किती घ्यायचा याचं ठरलेलं गणित सगळ्यांना पाठ असतं: प्रमाण ५० टक्के धरा, चूक ५ टक्के, उत्तर ३८४. पण कॉलेजची मुलंच एकूण ६०० असतील तर छोट्या लोकसंख्येची दुरुस्ती लावल्यावर ते २३४ वर येतं. शिवाय आपला खरा प्रश्न दोन गुणांमधल्या सहसंबंधाचा असेल तर हे सूत्रच चुकीचं आहे. सहसंबंध ०.२ इतका बारीक असला तरी तो ८० टक्के पॉवरने, म्हणजे दहातल्या आठ वेळा, पकडायला सुमारे १९४ जण लागतात. सिनॉप्सिसमध्ये ३८४ लिहून, मुलं कमी पडली म्हणून शेजारच्या डेंटल कॉलेजात लिंक टाकण्यापेक्षा हा हिशोब आधी केलेला बरा.

एथिक्स कमिटीत असा अभ्यास अडत नाही असं सगळ्यांना वाटतं, कारण ‘फक्त प्रश्नावली’ असते. अडतो तो तीन ठिकाणी. पहिलं ठिकाण वयाचं. नीटला प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण चालतात, म्हणजे फर्स्ट इयरच्या वर्गात काही मुलं कायद्याने अल्पवयीन असतात आणि त्यांच्यासाठी पालकांची संमती लागते. १८ खालच्यांना वगळायचं हे आधीच लिहून टाकावं. दुसरं, विद्यार्थी हे शिक्षकांच्या हाताखालचे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा अधिकाराच्या उतरंडीतल्या लोकांना जपायला सांगितलंय. एचओडींनी (विभागप्रमुखांनी) वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून खाली ‘ऑल शुड फिल’ लिहिलं की ती संमती उरत नाही, तो हुकूम होतो. सीआरने (वर्गप्रतिनिधीने) रोज रात्री ‘अजून ४२ जण बाकी’ असा मेसेज टाकणं हाही त्यातलाच प्रकार. लिंक विभागाबाहेरच्या कुणाकडून तरी जावी आणि फक्त दोनदा आठवण करावी. तिसरं, अतिवापर आणि झोप दोन्हींवर परिणाम करणारा गोंधळकारक घटक म्हणून नैराश्य तपासायला पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली जोडली तर तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. फॉर्म निनावी ठेवलाय आणि कुणी तिथे ‘जवळजवळ रोज’ निवडलं, तर तो मुलगा कोण हे आपल्याला कधीच कळणार नाही. मग विचारून काय साधलं? यावर दोन मार्ग आहेत: नववा प्रश्न गाळून पीएचक्यू-८ वापरायची, किंवा शेवटच्या पानावर सगळ्यांनाच, गुण काहीही असोत, मदतीचा क्रमांक आणि कॉलेजच्या मानसोपचार विभागाची वेळ द्यायची. तेव्हा किरण हेल्पलाइन होती (१८००-५९९-००१९, सप्टेंबर २०२० पासून). आता असं काम करणाऱ्याने टेलिमानसचा १४४१६ द्यावा.

आता फूटपट्ट्या. झोपेसाठी पीएसक्यूआय, म्हणजे झोपेचा दर्जा मोजणारी पिट्सबर्गची प्रश्नावली, १९८९ ची. गेल्या महिन्याबद्दल १९ प्रश्न, त्यांचे सात घटक, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २१. पाचच्या वर गेलं की झोप वाईट. (शेवटी रूममेटने भरायचे पाच प्रश्न असतात, ते गुणांत धरत नाहीत. लॉकडाउनमध्ये रूममेटच नव्हता.) इथे एक जुना खड्डा आहे. या प्रश्नावलीच्या दोन मांडण्या फिरतात. एकीत ‘तुमची झोप एकंदर कशी’ हा प्रश्न सहावा आहे, दुसरीत नववा. एका ठिकाणचा फॉर्म आणि दुसऱ्या ठिकाणची गुणांची किल्ली घेतली की झोपेच्या गोळ्यांचा प्रश्न झोपेच्या दर्जाच्या जागी मोजला जातो. बेरीज तरीही ० ते २१ च्या मध्येच येते, त्यामुळे संशयसुद्धा येत नाही. तपासायची सोपी खूण: गोळ्यांच्या घटकात बहुतेक मुलांचा शून्य यायला हवा. तिथे १ आणि २ चा पाऊस पडला असेल तर किल्ली चुकली.

दुसरी बारीक गोष्ट झोपेच्या तासांची. सोप्या किल्लीत ‘७ च्या वर ०, ६ ते ७ ला १, ५ ते ६ ला २’ असं छापलेलं असतं. मुलं लिहितात पूर्णांकात: सहा, सात. बरोबर सहा तास झोपणाऱ्याला १ द्यायचा की २? बरोबर सातला ० की १? सविस्तर नियमात ७ आणि त्यापुढे ०, ६ पासून ७ च्या आत १, असं स्पष्ट आहे. ते डेटा बघण्याआधी प्रोटोकॉलमध्ये लिहून ठेवावं, कारण सीमारेषेवर एकदोघं नसतात, तिथेच गर्दी असते.

आयएटीच्या पर्यायांची वेगळीच गंमत आहे. रेअरली, ऑकेजनली, फ्रीक्वेंटली, ऑफन, ऑलवेज, अशी चढती भाजणी, १ ते ५. फ्रीक्वेंटलीपेक्षा ऑफन जास्त, हे इंग्रजीतच पटायला कठीण. मराठीत आणायला गेलं तर दोन्हीला ‘बऱ्याचदा’ हाच शब्द पहिला सुचतो. एमबीबीएसचं शिक्षण इंग्रजीत असल्याने इंग्रजी फॉर्म चालतो, पण पर्यायापुढे आकडा छापलाच पाहिजे, तरच मुलाला चढण दिसते. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी मराठी करायचं झालं तर ‘क्वचित, कधीमधी, बऱ्याचदा, फार वेळा, नेहमी’ इतपत निभावतं, आणि तरी उलट भाषांतर करून बघावं लागतं. याशिवाय ‘लागू नाही’ला शून्य आहे. कुणी तो पर्याय ठेवतं, कुणी गाळतं, त्यामुळे एकाचे गुण २० पासून सुरू होतात, दुसऱ्याचे शून्यापासून, आणि मग ‘आमच्याकडे सौम्य व्यसन जास्त आढळलं’ अशी तुलना होते. ३१ ते ४९ सौम्य, ५० ते ७९ मध्यम, ८० पासून पुढे तीव्र ही एक वाटणी. ४० आणि ७० वर तोडणारीही एक आहे. कोणती घेतली ते लिहा. आणि ‘व्यसन’ हा शब्द जपून वापरा. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत २०१३ ला इंटरनेट गेमिंग हा पुढे अभ्यास व्हावा अशा यादीत आला, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, पण ‘इंटरनेट ॲडिक्शन’ नावाचं निदान दोन्हीत नाही.

महामारीने या दोन्ही प्रश्नावल्यांचा थोडा पायाच काढून घेतला. आयएटी विचारते, ऑनलाइन वेळेमुळे अभ्यासावर परिणाम होतो का? अभ्यासच गूगल मीटवर असताना याचं उत्तर काय द्यायचं? इतर काम करण्याआधी ईमेल बघता का, हा प्रश्न तर व्हॉट्सॲपच्या पिढीला विचारण्यात अर्थच नाही. पीएसक्यूआय विचारते, गाडी चालवताना, जेवताना, लोकांत मिसळताना जागं राहायला त्रास झाला का. लॉकडाउनमध्ये गाडीही नाही आणि लोकही नाहीत, मग दिवसाच्या पेंगेचे गुण आपोआप कमी. कॅमेरा बंद करून लेक्चरला झोपलेला मुलगा या प्रश्नाच्या जाळ्यात सापडत नाही.

पण खरी मेख आहे ती ‘बिछान्यात कधी गेलात’ या साध्या प्रश्नात. होस्टेलच्या मुलाला त्याचं उत्तर असतं. घरी, पलंगावर बसून सकाळी नऊचं लेक्चर ऐकणारा, तिथेच जेवणारा मुलगा बिछान्यात कधी जातो? तो बिछान्यातून उठतच नाही. एक रात्र घेऊ. ११:३० ला पांघरूण घेऊन फोन हातात. १:०० ला फोन उशाशी. १:१५ ला झोप. ७:३० ला जाग, लगेच उठला. झोप सव्वासहा तास. बिछान्यातली वेळ ११:३० पासून धरली तर आठ तास, झोपेची कार्यक्षमता (बिछान्यातल्या वेळेपैकी प्रत्यक्ष झोप किती) ७८ टक्के, गुण १. एकपासून धरली तर साडेसहा तास, ९६ टक्के, गुण ०. झोप लागायला किती वेळ? पंधरा मिनिटं म्हणाला तर ०, एकशेपाच म्हणाला तर ३. मुलगा तोच, रात्र तीच, फोनचा दीड तास झोपेची अडचण म्हणून मोजायचा की नाही एवढाच फरक, आणि तो प्रत्येक मुलगा मनाने ठरवतो. म्हणजे आयएटीमध्ये झोप शिरलेली आहे आणि पीएसक्यूआयमध्ये फोन. दोन फूटपट्ट्या एकमेकींना टेकून उभ्या आहेत.

प्रमाणित प्रश्नावलीचे शब्द आपण बदलायचे नसतात. म्हणून मूळ प्रश्न तसाच ठेवून शेवटी दोन जास्तीचे जोडावेत: ‘पलंगावर आडवे कधी झालात’ आणि ‘फोन बाजूला ठेवून झोपायचा प्रयत्न कधी सुरू केलात’. झोपेच्या डायरीत हे दोन प्रश्न वेगवेगळे असतातच. दुपारची डुलकीही वेगळी विचारावी. नाहीतर मुलं ती रात्रीच्या तासांत मिळवतात आणि कार्यक्षमता १०४ टक्के निघते.

फॉर्म बांधताना गूगलचा वेळेचा रकाना वापरू नये, एवढं एक ऐकलं तरी पुष्कळ. रात्री एक वाजता झोपणारा मुलगा बिनदिक्कत ‘१:०० पीएम’ निवडतो. उठणं ८:३० एएम, झोप सहा तास. शीटमधलं सूत्र मुकाट्याने साडेएकोणीस तास बिछान्यात दाखवतं, कार्यक्षमता ३१ टक्के, गुण ३. प्रत्यक्षात साडेसात तास, ८० टक्के, गुण १. एकूण बेरीज ७ ऐवजी ५ होते आणि मुलगा ‘वाईट झोप’ रकान्यातून बाहेर पडतो. अशा सगळ्या नोंदी फिल्टर लावून एका झटक्यात उलटवाव्यात असं वाटतं, पण तसं करायचं नाही. नाइट ड्युटी करून खरोखर दुपारी एकला झोपणारी इंटर्न त्यातच असते. ड्युटीचा रकाना शेजारी ठेवून एकेक बघावी लागते. त्यापेक्षा सरळ ड्रॉपडाउन द्यावा: रात्री ९:००, ९:३०, असं करत पहाटे ५:०० पर्यंत, शेवटी ‘दिवसा झोपतो/झोपते’. तासांनाही ड्रॉपडाउनच. मोकळं सोडलं तर ‘६-७’, ‘साडेसहा’, ‘६ तास बहुतेक’ आणि ‘६.३०’ येतं. या शेवटच्याचा अर्थ साडेसहा आहे, पण एक्सेल त्याला सहा पूर्णांक तीन दशांश समजतं.

‘एकदाच भरता येईल’ ही सेटिंग चालू केली की लॉगिन मागितलं जातं, आणि निनावी म्हणून सांगितलेला फॉर्म लॉगिन मागतोय म्हटल्यावर मुलं मागे फिरतात. ती बंद ठेवली तर दोनदा भरलेले फॉर्म येतात. आम्ही सेटिंग बंद ठेवून स्वतः बनवायचा कोड घेतला: आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं, जन्मतारखेचा दिवस, मोबाईलचे शेवटचे दोन अंक. पुन्हा फेरी घ्यायची असेल तर यातला मोबाईल काढून टाका, मुलं नंबर बदलतात. नावाची अक्षरं इंग्रजीत घ्यायची की मराठीत तेही लिहा. एकदा ‘शु’ आणि एकदा ‘एसएच’ आलं की जोडी लागत नाही.

पायलटला, म्हणजे आधीच्या चाचणी फेरीला, वीसेक मुलं, त्यातली निम्मी संगणकावर नाही तर स्वस्तातल्या फोनवर भरणारी. आयएटीचे वीस प्रश्न एका जाळीत मांडले तर लहान पडद्यावर ‘ऑलवेज’चा रकाना उजवीकडे दडतो, आणि अख्ख्या कॉलेजात नेहमी काही करणारा कुणीच सापडत नाही. फॉर्म दहा ते चौदा दिवसच उघडा ठेवायचा, कारण प्रश्न गेल्या महिन्याबद्दल आहे आणि विद्यापीठाच्या परीक्षांच्या तारखा तेव्हा महिन्याला सरकत होत्या. सहा आठवडे उघडा राहिला तर कुणी परीक्षेची झोप सांगतं, कुणी परीक्षेनंतरची.

एक मोह टाळावा. शीटच्या पहिल्या रकान्यात प्रत्येक फॉर्म किती वाजता पाठवला ते गूगल आपोआप लिहितं. रात्री अडीचला आलेल्या फॉर्मांची ओळ बघून हात शिवशिवतात. पण ही माहिती संमतीपत्रात सांगितली नसेल तर वापरता येत नाही, आणि वीसपंचवीस जणांच्या छोट्या गटात वेळेवरून माणूस ओळखूही येतो. हवी असेल तर आधीच सांगून घ्या. तसाही अतिवापराचा सर्व्हे ऑनलाइन लिंकने करण्यात जो कल येतो तो कुठल्याच सूत्राने जात नाही. मेळघाटात किंवा गडचिरोलीत नेटवर्कसाठी उंचवट्यावर जाणारा मुलगा लेक्चर डाउनलोड करेल की तुमचा फॉर्म भरेल? तो नमुन्यात नाही, हे मर्यादांमध्ये लिहायचं.

विश्लेषणात ‘व्यसन आहे/नाही’ आणि ‘झोप चांगली/वाईट’ असे दोन-दोन कप्पे करून काय-स्क्वेअर (कप्प्यांमधला संबंध तपासणारी चाचणी) लावणं ही सवय इतकी खोल आहे की ती मोडायला वेळ लागतो. ५ आणि ६ गुणांच्या मुलांत आभाळ-पाताळाचं अंतर धरायचं, आणि ६ व १६ एकाच कप्प्यात, असं ते होतं. गुण गुणच राहू द्यावेत, वाटप तिरकं असेल तर स्पिअरमनचा, म्हणजे गुणांच्या क्रमावरून काढलेला, सहसंबंध. मग तोच सहसंबंध पुन्हा काढायचा, चौदावा प्रश्न वगळून १९ प्रश्नांच्या आयएटीशी. तिसऱ्यांदा, पीएसक्यूआयमधला कार्यक्षमतेचा घटकही वगळून. तिन्ही आकडे एका तक्त्यात. आकडा घसरला तर किती घसरला ते वाचणाऱ्याला दिसू द्या. त्यानंतर नैराश्य-चिंतेचे गुण, वर्ष, ड्युटी, घरात कोविड झाला होता का, मूळचीच उशिरा जागण्याची प्रकृती, हे सगळं रिग्रेशनमध्ये, म्हणजे या घटकांचा वाटा वेगळा काढणाऱ्या गणितात. एकाच वेळी विचारलेल्या प्रश्नांवरून फोनमुळे झोप गेली की झोप येत नाही म्हणून फोन, हे सुटत नाही, त्यामुळे शीर्षकात ‘परिणाम’ नको, ‘संबंध’ हवा. चर्चेच्या भागात निळ्या प्रकाशावर दोन पानं लिहायची हौस असते. तिथेही हात आखडता घ्यावा. २०१५ च्या ज्या प्रयोगाचा सगळे दाखला देतात त्यात १२ जण होते, झोपण्याआधी चार तास पडद्यावर वाचत होते, आणि झोप लागायला उशीर झाला तो सुमारे दहा मिनिटं. मेलाटोनिन दबलं, शरीराचं घड्याळ दीड तास उशिरावर सरकलं हे खरं, पण दीड तास रील बघितल्यावर दीड तास झोप गेली याला मेलाटोनिनची गरज लागत नाही. बरं, पहिल्या लॉकडाउनमध्ये सकाळची धावपळ थांबल्याने पुष्कळ लोकांची झोप लांबलीच होती. तास वाढले आणि दर्जा घसरला, असं युरोपातल्या पाहणीतही दिसलं. म्हणून नुसते तास बघून निष्कर्ष काढता येत नाही.

शक्य असेल तर तीस-चाळीस स्वयंसेवकांकडून चौदा रात्रींची डायरी आणि फोनमधला खरा स्क्रीन टाइम घ्यावा. अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंग, आयफोनवर स्क्रीन टाइम. एकूण तास न घेता रात्री दहानंतरचे घ्यायचे, आणि व्हिडिओ लेक्चरचं ॲप वेगळं मोजायचं. लॅपटॉप यात येत नाही हे मुलं सांगत नाहीत, विचारावं लागतं. स्क्रीनशॉट मागवलात तर त्यात वरच्या पट्टीत मेसेजची नावं दिसतात, तेव्हा आकडे टंकून घ्या. डायरी पहिले चार-पाच दिवस नेटाने भरली जाते, मग रविवारी बसून अख्खा आठवडा एका हाती उरकला जातो. सगळ्या रात्री १२:३० ते ७:३० अशा एकसारख्या दिसल्या की समजायचं. त्यासाठी रोजचा छोटा फॉर्म सकाळी सातला उघडून दुपारी बाराला बंद करायचा, आणि चुकलेला दिवस रिकामाच ठेवायचा.